कोल्हापूरचे गिरणी कामगार: डोंगरी तालुक्यांचे मुंबईला झालेले स्थलांतर

कोल्हापूर जिल्ह्याच्या पश्चिमेकडील डोंगरी तालुक्यांतून मुंबईच्या कापड गिरण्यांकडे झालेले स्थलांतर साधारण शंभर वर्षे चालले. शाहूवाडी, गगनबावडा, राधानगरी, भुदरगड, आजरा, चंदगड आणि गडहिंग्लज या पट्ट्यातील गावांत गिरणीत गेलेला माणूस नाही असे घर शोधावे लागे. ऊस, गूळ, सहकारी कारखाने आणि दूध यांमुळे कोल्हापूर हा महाराष्ट्रातील सधन जिल्हा म्हणून ओळखला जातो. ही ओळख मुख्यतः पूर्वेच्या सपाट, बागायती भागाची आहे. पश्चिमेची गावे अनेक दशके परळ-लालबागच्या पगारावर तगली, आणि जिल्ह्याच्या समृद्धीची गोष्ट सांगताना हा भाग बहुधा गाळला जातो.

या फरकाचे मूळ पावसात आणि जमिनीत आहे. गगनबावड्यात वर्षाला ५,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तर पूर्वेकडच्या शिरोळमध्ये त्याच्या दहाव्या हिश्शाच्या जवळपास. पण पाऊस जास्त म्हणून शेती जास्त, असे डोंगरात होत नाही. उतारावरची जमीन पातळ, वाहितीखालचे क्षेत्र थोडे आणि तेही भावाभावांत वाटलेले. खाचरात भात, वरकस जमिनीवर नाचणी आणि वरी, एवढीच पिके. दिवाळीच्या सुमारास भात घरात आले की पुढचे सहा-सात महिने शेतात फारसे काम नसे. जंगलावरचे सरकारी निर्बंध वाढल्यावर कुमरीची, म्हणजे जंगल तोडून केलेली फिरती, शेतीही आक्रसली.

त्यात सत्ता विभागलेली. विशाळगड, बावडा, कागल, इचलकरंजी, कापशी अशा जहागिऱ्या कोल्हापूर संस्थानाच्या पोटात होत्या. आजरा महाल इचलकरंजीकरांकडे होता. चंदगड तर १९५६ पर्यंत बेळगाव जिल्ह्यात होता. राजर्षी शाहू महाराजांनी १८९४ मध्ये कारभार हाती घेतल्यानंतर संस्थानात उद्योगाला चालना मिळाली. शाहूपुरीची गुळाची पेठ वसली, १९०६ मध्ये शाहू मिल स्थापन झाली, भोगावतीवर राधानगरीचे धरण हाती घेण्यात आले. इचलकरंजीत विठ्ठलराव दातार यांनी १९०४ मध्ये पहिला यंत्रमाग आणला. ही सर्व कामे दूरदृष्टीची होती, तरी त्यांचा लाभ नदीच्या उताराने गेला. राधानगरीत अडवलेले पाणी भोगावतीतून पंचगंगेत उतरले आणि पुढे जागोजागी बांधलेल्या कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांनी ते मळ्यांत फिरवले. धरणाच्या वरची गावे कोरडवाहूच राहिली. शाहू मिलला लागणारे हात कोल्हापूर शहर आणि आसपासच्या खेड्यांतून मिळत होते. डोंगरातल्या तरुणांना सामावून घेण्याएवढी ती मोठी नव्हती.

मुंबईत कावसजी दावर यांच्या पहिल्या कापड गिरणीची स्थापना १८५४ मध्ये झाली. सुरुवातीचा कामगार बहुतांशी कोकणातून समुद्रमार्गे आला. घाटावरच्या माणसांना वाट मिळाली ती रेल्वेमुळे. मिरजेहून कोल्हापूरपर्यंतचा लोहमार्ग १८९१ मध्ये सुरू झाला. गाडी मीटर गेजची होती. पुण्याला उतरून मुंबईची मोठी गाडी पकडावी लागे. आजऱ्याच्या किंवा गारगोटीच्या बाजूच्या माणसाला कोल्हापूर स्टेशन गाठायलाच बैलगाडीने किंवा पायी एक-दोन दिवस लागत. १८९६-९७ चा दुष्काळ, त्याच सुमारास आलेली प्लेगची साथ आणि पाठोपाठ १८९९-१९०० चा दुष्काळ यांनी आधीच कर्जात असलेल्या घरांना बाहेर ढकलले. पुढे एसटी आली आणि १९७१ मध्ये कोल्हापूरचा मार्ग ब्रॉडगेज झाला, तेव्हा हा प्रवास एका रात्रीचा बनला. तोवर मुंबईला जाण्याची रीत दोन पिढ्यांची जुनी झाली होती.

गिरणीत शिरण्यासाठी ओळख लागे. भरती जॉबरच्या, म्हणजे मुकादमाच्या, हातात होती. जॉबर आपल्या गावचा, भावकीचा किंवा निदान ओळखीचा असला की नव्या पोराला बदली कामगार म्हणून उभे राहता येई. रोज पाळीच्या वेळी गिरणीच्या दारात हजर राहायचे, कोणी खाडा केला असेल तर त्याच्या जागी काम, नाही तर परत. कायम व्हायला वर्षे लागत. ही पद्धत कामगाराच्या मुळावर येणारी होती, पण सुरुवातीच्या काळात शेतकरी घराला ती एका बाबतीत सोयीची पडली. मृगाच्या आधी रजा टाकून गावी यावे, पेरणी-रोप उरकून परत जावे आणि मधल्या काळात आपली जागा गावच्याच दुसऱ्या माणसाने चालवावी, असे करता येई.

राहण्याची व्यवस्था गावानेच उभी केली. तिला गाळा म्हणत. लालबाग, परळ, काळाचौकी, डिलाईल रोड, वरळी या भागांतील चाळींत एखादी खोली गावाच्या नावाने घेतलेली असे. भाड्याचा, पाण्याचा, दिवाबत्तीचा हिशेब गावची मंडळी मिळून ठेवत. त्या खोलीत वीस-पंचवीस, कधी त्याहून जास्त माणसे राहत. प्रत्येकाची एक पत्र्याची पेटी आणि एक वळकटी. हे शक्य होई ते पाळ्यांमुळे: पहिल्या पाळीचे कामावर गेले की रात्रपाळीचे येऊन त्याच जागेवर झोपत. गावाहून नोकरीच्या शोधात आलेल्या पोराला गाळ्यात जागा मिळणे हा त्याचा हक्क मानला जाई. नोकरी लागेपर्यंत त्याच्याकडून पैसे घेतले जात नसत किंवा ते मागाहून वळते होत. दारूबाजी, भांडण, पैसे थकवणे यांवर गाळ्याची बैठक निकाल देई, आणि तो निकाल पुढच्या एसटीने गावात पोहोचे. गावकीचा धाक मुंबईत कमी झाला नव्हता. तो मुंबईपर्यंत लांबला होता.

जेवण खानावळीत. या खानावळी घरगुती होत्या. एखाद्या कामगाराची बायको किंवा विधवा बाई दहा-वीस माणसांना दोन वेळ जेवू घाली, पैसे पगाराच्या दिवशी. या स्त्रिया सावकाराच्या कर्जात अडकलेल्या असत. त्यांना संघटित करून बँकेचे कर्ज मिळवून देण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले. परळ-लालबागच्या या गिरणगावाचा उल्लेख कामगार चळवळ, शाहिरी आणि नाटक यांच्या संदर्भात खूप होतो. कामगारांना पगारापर्यंत उधारीवर जेवू घालणाऱ्या या बायकांचा वाटा त्यात क्वचितच मोजला जातो.

गाळा आणि खानावळ यांवरूनच कळते की हे स्थलांतर पुरुषांचे होते. १९२१ च्या जनगणनेत मुंबईत हजार पुरुषांमागे सव्वापाचशेच्या आसपास स्त्रिया होत्या. बायको, मुले, आईवडील गावी. गिरणीचा पगार एका माणसाचे पोट भरून थोडे उरण्यापुरता होता. कुटुंब मुंबईत आणून ठेवण्याएवढा नव्हता. मुलांना वाढवणे, आजारपण, बाळंतपण, म्हातारपण हा सगळा खर्च गावच्या शेताने उचलला. सुट्टी संपवून परत निघालेला कामगार तांदूळ, नाचणीचे पीठ, चटणी असे महिन्या-दोन महिन्यांचे सामान बरोबर नेई. मुंबईचा पैसा गावाला पोसत होता हे खरे, तसेच गावचे धान्य गिरणीमालकाची मजुरी स्वस्त ठेवत होते हेही खरे आहे, आणि ते कमी सांगितले जाते. कापसाच्या तुसाने छाती भरलेला माणूस काम झेपेनासे झाले की गावी परते. त्याचे औषधपाणीही गावच करी.

गावातल्या घराची रचना या ये-जावर बेतलेली होती. तीन भाऊ असतील तर एक-दोघे मुंबईला आणि एक शेतावर, अशी वाटणी अनेक घरांत दिसे. शेतावरचा भाऊ घर चालवी, मुंबईचा पैसे पाठवी. म्हातारपणी गिरणीतली जागा मुलाला किंवा पुतण्याला मिळवून देण्याची धडपड होई, कारण ती जागा ही घराची मिळकतच मानली जाई. वाटण्या व्हायची वेळ आली की कटकटी सुरू होत. पैसे कोणी पाठवले, घाम कोणी गाळला, विहीर कुणाच्या पैशाने खोदली, याचा लेखी हिशेब नसे. डोंगरी तालुक्यांतले कितीतरी जमिनीचे तंटे या न लिहिलेल्या हिशेबातून उभे राहिले आहेत.

शेतीचा भार स्त्रियांवर आला. नांगरट तेवढी पुरुषाकडून किंवा पैऱ्याने करून घ्यायची. रोप लावणे, भांगलण, कापणी, मळणी, जनावरे, जळण आणि पाणी हे सारे त्यांचे काम. नवरा वर्षातून दोनदा, गावच्या जत्रेला आणि पेरणीला किंवा गणपतीला येणार. सातबारा मात्र सासऱ्याच्या किंवा नवऱ्याच्या नावावर. मनीऑर्डरही बहुधा सासऱ्याच्या नावाने येई, त्यामुळे घर जिच्या कष्टावर चाले तिच्या हाती पैसा नसे. या विरहाला लोकसाहित्यात जागा मिळाली आहे. वाटेगावच्या अण्णा भाऊ साठे यांची ‘माझी मैना गावावर राहिली’ ही छक्कड याच अनुभवातून आलेली आहे. तिथे बोलणारा मात्र मुंबईतला पुरुष आहे. गावात राहिलेल्या बाईची बाजू जात्यावरच्या ओव्यांत राहिली.

स्त्रियांच्या हाती नियमित पैसा आला तो दुधामुळे. कोल्हापूर जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघ, म्हणजेच ‘गोकुळ’, १९६३ मध्ये स्थापन झाला आणि पुढच्या दोन-तीन दशकांत त्याचे संकलन डोंगरातल्या वाड्यांपर्यंत पोहोचले. दर दहा दिवसांनी मिळणारे दुधाचे बिल हा किराणा, शाळेचे साहित्य आणि औषध यांचा आधार झाला. पुढे गिरण्या बंद पडल्या तेव्हा अनेक घरे उपासमारीपासून वाचली ती गोठ्यातल्या दोन म्हशींमुळे.

मुंबईहून येणाऱ्या पैशाचा मार्ग साधा होता. टपाल खात्याची मनीऑर्डर सेवा १८८० पासून होती. पोस्टमन पैसे देई आणि घरात वाचणारे कोणी नसले तर फॉर्मच्या तळाशी लिहिलेल्या चार ओळीही वाचून दाखवी. पैशाचा पहिला वाटेकरी सावकार. त्यानंतर गहाण जमीन सोडवणे, गवती छप्पर काढून कौले चढवणे, बैल किंवा म्हैस घेणे, बहिणीचे लग्न. यात उत्पादन वाढवणारी गुंतवणूक थोडी होती. याबद्दल कामगारांना उधळे ठरवणारे टीकाकार होते. पण ज्या गावात पाणी नाही, वीज नाही आणि बाजार दिवसभराच्या अंतरावर आहे, तिथे जमीन सोडवून घेणे हाच सर्वांत शहाणा खर्च होता. सार्वजनिक कामांना मात्र हात सैल असे. देवळाचा जीर्णोद्धार, तालमीची इमारत, शाळेच्या खोल्या यांच्या कोनशिलांवर मुंबईकर ग्रामस्थ मंडळांची नावे आजही दिसतात. माध्यमिक शाळा डोंगरात पोहोचण्यात या वर्गणीचा मोठा भाग आहे.

गावातल्या सर्वांनाच मुंबई सारखी भेटली नाही. शेतकरी मराठा कुटुंबाला ती जोडधंदा होती. दलित कुटुंबाला ती गावकीच्या कामांतून, मेलेली जनावरे ओढण्यातून आणि वेठीतून सुटण्याची वाट होती. शाहू महाराजांनी १९१८ मध्ये महार वतन बंद केले, १९२० मध्ये माणगावच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाचा जाहीर गौरव केला. तरी गावाची रीत कायद्याच्या वेगाने बदलत नव्हती. गिरणीतही जात सुटली नाही. धोट्यात नवी कांडी घातली की दोरा तोंडाने ओढून बाहेर काढावा लागे, त्यामुळे विटाळाचे कारण सांगून अस्पृश्य कामगारांना जास्त पगाराच्या विणकाम खात्यात घेत नसत. १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळी आंबेडकरांनी हा प्रश्न लावून धरला. राहण्याचे गाळेही जातीजातींचे वेगळे होते. गावाची आपुलकी मुंबईत नेताना गावाची शीवही बरोबर गेली होती.

कामगार म्हणून या माणसांची जी जाण घडली तिच्याशी कोल्हापूरचा एक जुना धागा आहे. १९१८ मध्ये परळच्या कामगारांच्या सभेत शाहू महाराजांनी भाषण केले आणि कामगारांनी आपला संघ बांधावा, असा आग्रह धरला. दहा वर्षांनी गिरणी कामगार युनियनने सहा महिन्यांचा संप लढवला. इतका लांब संप टिकला त्याचे एक कारण म्हणजे हजारो कामगार त्या काळात गावी जाऊन राहिले. संपाचा निधी युनियनच्या पेटीपेक्षा गावच्या कणगीत जास्त होता.

संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात गिरणगाव आघाडीवर होते, आणि चंदगड-गडहिंग्लजच्या कामगारांना त्या लढ्यात दुहेरी रस होता. मुंबई हे पोटाचे ठिकाण होते, आणि ज्या बेळगावशी त्यांच्या गावांचा रोजचा बाजारहाट होता ते १९५६ मध्ये म्हैसूर राज्यात गेले. मुंबईत ‘घाटी’ हा शब्द हिणवण्यासाठी वापरला जाई. तोच माणूस गावी उतरला की ‘मुंबईकर’ होई. पांढरा लेंगा-शर्ट, हातात घड्याळ, बोलण्यात चार हिंदी शब्द. लालबागच्या हनुमान थिएटरात तो तमाशाला जाई, तर कोकणी कामगारांचा ओढा परळच्या दामोदर नाट्यगृहाकडे असे. कोकणी आणि घाटी यांच्यातली चुरस खरी होती, पण संपात दोघे एका रांगेत उभे राहत. कोल्हापुरी बोली, जोतिबा-अंबाबाई, कुस्तीचा नाद हे सारे मुंबईत अधिक ठळक झाले, कारण वेगळेपण दाखवायची गरज तिथेच पडे.

दोन ठिकाणी पाय ठेवून जगणारी अशी माणसे इतरत्रही आढळतात. ग्वाटेमालाच्या पश्चिम डोंगराळ भागातील माया लोक १९६० ते १९९६ च्या यादवी युद्धात, विशेषतः १९८० च्या दशकातील हत्याकांडांनंतर, मेक्सिको आणि अमेरिकेकडे गेले. नंतरच्या पिढ्या रोजगारासाठी गेल्या. लॉस एंजेलिस, ह्यूस्टन आणि फ्लोरिडातील इंडियनटाउन येथे एकेका भागातील माणसे एकत्र वसली, गावच्या संताचा उत्सव तिथे भरू लागला आणि पाठवलेल्या पैशातून गावी पक्की घरे उठली. फरक सीमेचा आहे. कागदपत्रांवाचून गेलेला माया तरुण वर्षानुवर्षे गावी परतू शकत नाही. आजऱ्याच्या कामगाराला रात्रीची एसटी होती, आणि संकटात तो परत येऊ शकला.

ते संकट १९८२ मध्ये आले. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला. पगारवाढ, बदली कामगारांना कायम करणे आणि मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने राष्ट्रीय मिल मजदूर संघाला दिलेली एकमेव मान्यता काढून घेणे, या मुख्य मागण्या होत्या. कामगारांनी जुन्या अनुभवाने गावाची वाट धरली. कोल्हापूर, सांगली, साताऱ्यातल्या गावांनी धान्य गोळा करून मुंबईला पाठवले. या वेळी मात्र गाव पुरे पडले नाही. जमिनीच्या वाटण्या आणखी झाल्या होत्या, माणसे वाढली होती, आणि मालकांनाही गिरण्या चालवण्याची पूर्वीसारखी घाई नव्हती. कापड यंत्रमागावर स्वस्तात निघत होते आणि गिरण्यांखालच्या जमिनीचे मोल कापडाहून जास्त झाले होते. संप अधिकृतपणे कधीच मागे घेतला गेला नाही. हजारोंना कामावर परत घेतले गेले नाही, आणि पुढच्या दोन दशकांत उरलेल्या गिरण्याही बहुतेक बंद झाल्या. यात एक विपरीत योग आहे: मुंबईच्या गिरणीचे काम ज्या यंत्रमागांकडे गेले त्यांचे एक मोठे केंद्र याच कामगारांच्या जिल्ह्यात, इचलकरंजीत होते.

परत आलेल्या माणसांना गाव नव्याने शिकावे लागले. पन्नाशीच्या माणसाला चिखलणी झेपेना, घरातले निर्णय इतकी वर्षे बायको आणि भाऊ घेत होते, मनीऑर्डर थांबल्याने मान उतरली. काहींनी स्वेच्छानिवृत्तीच्या पैशात घर बांधले, काहींचा पैसा जुन्या देण्यात आणि मुलीच्या लग्नात संपला. १९९५ च्या निवृत्तिवेतन योजनेतून अनेकांना महिन्याला हजार-दीड हजार रुपये मिळतात. त्याआधीच काम सुटलेल्यांना तेही नाहीत.

पुढच्या पिढीची वाट पुणे, पिंपरी-चिंचवड आणि चाकणकडे वळली, चंदगडची मुले गोवा आणि बेळगावकडे गेली. आता जोडपीच जातात, त्यामुळे गावात उरतात ती म्हातारी माणसे. दुसरीकडे याच जिल्ह्यात माणसे येतही आहेत. इचलकरंजीच्या मागांवर आणि शिरोलीच्या फौंड्र्यांत उत्तर प्रदेश-बिहारचे कामगार आहेत. ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून बीड आणि मराठवाड्याच्या इतर भागांतल्या ऊसतोडीच्या टोळ्या उचल घेऊन फडात उतरतात. मुले पालावर, म्हातारे गावी. ज्या जिल्ह्याने हेच आयुष्य मुंबईत भोगले त्याने या टोळ्यांशी अधिक आपलेपणाने वागायला हवे होते. तसे झालेले नाही. मे २०२० मध्ये, करोनाच्या काळात, तर स्वतःची माणसेही परकी झाली. मुंबईहून शाहूवाडी, आजरा, चंदगडात परतणाऱ्यांना शाळांत वेगळे ठेवण्यात आले, आणि त्यांतल्या काही शाळा मुंबईकरांच्याच वर्गणीतून उभ्या राहिलेल्या होत्या.

गिरण्यांच्या जमिनीचा हिशेब अजून चालू आहे. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत गिरण्यांच्या जमिनीचा एक तृतीयांश भाग महापालिकेला आणि एक तृतीयांश म्हाडाला देण्याची तरतूद होती. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी फक्त मोकळ्या जमिनीपुरती मर्यादित झाली, आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती कायम ठेवली. दत्ता इस्वलकर यांची बंद गिरणी कामगार संघर्ष समिती आणि इतर संघटनांच्या लढ्यामुळे कामगारांना घरांचा हक्क मिळाला. पहिली सोडत २०१२ मध्ये ६,९२५ घरांची निघाली, २०२० मध्ये ३,८९४ घरांची. त्यानंतर मुंबईबाहेर शेलू आणि वांगणी येथे घरे देण्याचे प्रस्ताव आले; मुंबईतच घर हवे, अशी संघटनांची मागणी आहे. कोल्हापूर जिल्ह्यातले अर्जदार मोर्चासाठी, कागदपत्रांसाठी आजही मुंबईच्या खेपा घालतात. गिरणीचा तिकीट नंबर, हजेरी कार्ड, भविष्यनिर्वाह निधीची पावती यांतले काहीतरी जपून ठेवलेले असेल तरच दावा टिकतो. घरासाठी आलेले अर्ज पावणेदोन लाखांच्या आसपास आहेत आणि आतापर्यंत सोडतीत निघालेली घरे पंधरा-सोळा हजार. दरम्यान अनेक अर्जदार मरण पावले असून त्यांचे अर्ज वारसांच्या नावावर चालू आहेत.